एकशे सोळाव्या पानावरचं वाक्य

२४ जून २०२५, मंगळवार

लिहिता येतं. वाचता येत नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी तीनदा सांगितलं तरी पटलं नाही, म्हणून आज वही घेतली.

वरच्या ओळी लिहून झाल्यावर त्यांच्याकडं पाहिलं. रेघा, गाठी, वर आडवी दांडी. दुसऱ्या मुलखातल्या कुणीतरी लिहिल्यासारखं.

दहा तारखेला सकाळी पेपर उघडला आणि वाटलं, पोऱ्यानं चुकून भलत्याच भाषेतला टाकला. सूनबाईला हाक मारली. पायल म्हणाली, "आप्पा, मराठीच हाय की." हात-पाय चालत होते, बोलणं ठीक होतं. फक्त उजवीकडचं अर्धं दिसत नव्हतं आणि अक्षरं गेली होती. मेंदूत मागच्या बाजूला गुठळी.

डॉक्टरांनी कागद दिला. नाव, गाव लिहा. मी भराभर लिहिलं – कळंब, ता. इंदापूर. त्यांनी कागद बाजूला ठेवला, थोडा वेळ साखरेच्या गोळ्यांबद्दल बोलले. मग तोच कागद समोर धरला. "हे काय लिहिलंय, सर?"

मी विचारलं, "कुणाचं अक्षर आहे?"

माझा मुलगा बुद्धघोष शेजारी उभा होता. तो पंख्याकडं बघत राहिला.

चौतीस वर्षं इंदापूरला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवलं.

२५ जून

पट्टी लावून लिहितो. पट्टी हलली की ओळीवर ओळ चढते, पायल सांगते. ती वाचत नाही म्हणे, नुसती बघते.

२९ जून, रविवार

कपाटापुढं बसलो. पुस्तकं हातानं ओळखू येतात. जाडी, बांधणी, कोपरे कुठं दुमडलेत.

हे जाड, कापडी पुठ्ठ्याचं. यातला एक माणूस आयुष्यभर दोन सदऱ्यांवर राहतो. ते वाचून मीही दोनच ठेवले. अजून दोनच आहेत. हे पातळ नाटक. यातली बाई शेवटपर्यंत आवाज चढवत नाही. मीही घरात कधी चढवला नाही. बुद्धघोषच्या आईची तक्रार तीच होती – "तुमी भांडत बी न्हाय, मग माणसानं बोलायचं कुणाशी?" हिला जाऊन चार वर्षं झाली. हे प्रवासाचं. याच्यामुळं कॉलेजला सायकलवर गेलो, गाडी घेतली नाही. रजिस्टर लग्न, ना मांडव ना वाजंत्री, तेही एका पुस्तकामुळं. कुणाकडं शब्द टाकायला कधी गेलो नाही, तेही.

लोक म्हणायचे, मास्तर तत्त्वाचा माणूस. तत्त्व माझं एकही नव्हतं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या वाक्यांची मी अंमलबजावणी केली, एवढंच.

पायलनं जेवायला बोलावलं. जेवून आलो. कुठवर लिहिलं होतं ते कळत नाही. नव्या पानावर सुरू करायला हवं.

४ जुलै, शुक्रवार

ते पुस्तक सापडलं. कपाटात सगळ्यात खाली, आडवं.

कव्हर नाही, पहिली चार पानं नाहीत. बारामतीच्या स्टँडसमोर जुनी पुस्तकं विकणारा बसायचा, त्याच्याकडून बी.ए.ला असताना घेतलं. लेखक कोण, कधीच कळलं नाही. दोन वर्षांत पाच-सहा वेळा वाचलं असेल. पुढं उघडावं लागलं नाही, डोक्यात बसलं होतं. त्यातलं हे वाक्य –

जे आपल्याला येत नाही ते येतं असं दाखवणारा माणूस पहिली चोरी स्वतःच्याच घरात करतो.

या वाक्यावर मी उभा राहिलो. वर्गात न येणारी गोष्ट "मला येत नाही" म्हणून सांगितली. आणि मार्च २०११.

बारावीची परीक्षा. मी भरारी पथकात होतो. त्या दिवशी गाडी दुसरीकडं जायची होती, ऐनवेळी बुद्धघोषच्या केंद्राला वळली. फिजिक्सचा पेपर. मी खाली उतरायला नको होतं. उतरलो. त्याच्या मोज्यात गाइडचं फाडलेलं पान होतं. चालताना पाय टाकण्यावरून मला कळलं, बाप म्हणून कळलं. पथकातले दुसरे सर कानात म्हणाले, "जाऊ द्या, पोरगं आपलंच आहे. शंभरातले नव्वद करतायत." मी कॉपी-केसचा फॉर्म मागवला. माझ्या हातानं भरला. नाव, वडिलांचं नाव.

ती परीक्षा रद्द, पुढच्या दोन बंद. त्याला इंजिनिअर व्हायचं होतं.

घरी त्यानं एकच विचारलं, "असं कशात हाय, आप्पा?" मी वाक्य म्हणून दाखवलं. पुस्तक काढायची गरज वाटली नाही.

"पुस्तकात हाय म्हणल्यावर काय बोलायचं," तो म्हणाला. अठरा वर्षांचा होता. परत परीक्षेला बसला नाही. आता कळंबच्या चौकात पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरतो. चांगल्या भरतो. लासुर्ण्याहून माणसं येतात.

त्याची आई तीन महिने माझ्याशी बोलली नाही. तो बोलतो – लागेल तेवढं.

७ जुलै, सोमवार

विहारातून सावळाराम आबा आले. गुरुवारी आषाढी पौर्णिमा, वर्षावास सुरू. तीन महिने रोज संध्याकाळी सातला ग्रंथवाचन. एकतीस वर्षं वाचणारा मीच.

"मास्तर, यंदा बी तुमीच. दुसऱ्याचं वाचलेलं कानात शिरत न्हाय."

हीच सांगायची वेळ होती. बुद्धघोष दारात गाडी पुसत होता, त्याचा हात थांबला. मी म्हणालो, "येतो."

हात पुन्हा पुसायला लागला.

घरात दोघांनाही बजावलं होतं, गावात सांगायचं नाही. का, ते दोघांनीही विचारलं नाही.

१० जुलै, गुरुवार

पांढरा सदरा. त्रिशरण, पंचशील. वीसेक बाया, सहा पुरुष. ग्रंथ चौरंगावर. उघडला. रेघा, गाठी.

मी वाचू लागलो. म्हणजे बोलू लागलो. एकतीस वर्षांत किती पाठ झालंय याचा मला अंदाज नव्हता. निम्मं तसंच्या तसं येतं. उरलेलं त्याच वळणानं येतं – त्या वाक्यांची चाल अंगात आहे. अदमासानं पान उलटत गेलो.

कुणालाही कळलं नाही. बाया डोळे मिटून ऐकत होत्या.

११ जुलै

आज जास्त चांगलं झालं. हे वाईट आहे.

२२ जुलै, मंगळवार

वाचून झालं. ग्रंथ मिटला. सावळाराम आबा समोरच बसलेले. "मास्तर, चष्मा कुठं हाय तुमचा?"

हात नाकाकडं गेला. नव्हता. दीड महिना झाला, त्याचा उपयोग काय म्हणून लावायचाच सोडला आहे.

"घरी राहिला."

"मग वाचलं कशानं?"

पुरुषांत हसू फुटलं. आबांनीच सोडवलं – "आरं, येकतीस वरीस झालं. मास्तर ग्रंथ वाचत न्हायती, ग्रंथच मास्तरला वाचतोय!" सगळे हसले. मीही हसलो.

उद्यापासून चष्मा लावायचा.

३ ऑगस्ट, रविवार

विजयमाला आल्या. वस्तीतल्या अंगणवाडीच्या सेविका, बेचाळीस-त्रेचाळीसच्या. विहारात त्या स्वतःची प्रत घेऊन बसतात, ओळीवर बोट ठेवून माझ्यामागं वाचतात. हे मला माहीत होतं. विसरलो होतो.

पायल चहा ठेवायला आत गेल्यावर म्हणाल्या, "सर, एक विचारू? काल तुमी ते दिव्याचं वाचलं – हातात दिवा असला की वाट दिसती, पण दिवा धरणारा दिसत न्हाय. ते कितव्या पानावर हाय?"

मी खिशातला चष्मा चाचपला.

"सकाळपासून हुडकतेय. आख्खा भाग वाचला. न्हाय कुठं."

"पुढच्या भागात असेल."

"तितं बी बघितलं." मग खाली बघून – "पण चांगलं होतं, सर."

मी सगळं सांगितलं. गुठळी, पेपर, डॉक्टर. त्यांनी पदर तोंडाला लावला. जाताना म्हणाल्या, "मी कुणाला बोलत न्हाय. आन् उद्यापासनं पुस्तक मिटूनच बसते."

दिव्याचं ते वाक्य ग्रंथातलंच आहे, असं मला आत्ता, या क्षणीही वाटतं आहे.

४ ऑगस्ट

त्यांची प्रत मांडीवर मिटलेली. दोन्ही हात तिच्यावर. त्या माझ्याकडं बघत नाहीत.

९ ऑगस्ट, शनिवार

जे आपल्याला येत नाही ते येतं असं दाखवणारा.

महिनाभर रोज सातला मी तेच करतो आहे, आणि महिनाभर हे वाक्य आठवलं नाही. मुलाच्या मोज्यात आठवलं होतं.

नियमानं आता उठून सांगायला हवं. पण आधी वाक्य बघायला हवं. दिव्याच्या वाक्यापासून कशाचाच भरवसा नाही. शब्द तेच आहेत ना? पुढं काही सूट आहे का – अमुक प्रसंगी माफ, लहानांना माफ? चौदा वर्षांत मी ते एकदाही उघडून पाहिलं नाही.

वाचून कोण दाखवणार? पायलला ती गोष्ट माहीत नाही. विजयमालांवर आहे ते ओझं पुरे.

राहतो एकच.

१० ऑगस्ट

विचारलं नाही.

१७ ऑगस्ट

विचारलं नाही. ताटावर दोघंच होतो.

२४ ऑगस्ट, रविवार

पुस्तक पिशवीत घालून बुद्धघोषच्या दुकानात गेलो. तो वेढे मोजत होता. मोजताना बोलत नाही, आकडा चुकतो. स्टुलावर बसलो. तांब्याची तार त्याच्या बोटांतून सरकत होती. संपल्यावर म्हणाला, "काय आणलंय?"

"एक वाक्य शोधायचंय."

त्यानं हात पुसले, पुस्तक घेतलं. कव्हर नसलेलं पाहून थांबला.

"तेच का?"

"तेच."

"कितवं पान?"

"माहीत नाही. शेवटाकडं असेल. पण पहिल्यापासून वाच. मधलं काही सुटायला नको."

मला वाटलं, फेकेल. त्यानं विचारलं, "सापडलं तर काय, आन् न्हाय सापडलं तर काय?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घातली. दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर आम्हा दोघांनाही नको होतं.

"दुपारी थ्री फेज लाइट नसती, मोटारी तपासता येत न्हाईत," तो म्हणाला. "तवा या."

२७ ऑगस्ट, बुधवार

तो विजेचं बिल वाचावं तसं वाचतो. पूर्णविरामाला थांबत नाही, पानाच्या शेवटी थांबतो. जोडाक्षराला अडतो, शिवी दिल्यासारखा श्वास सोडतो, पुढं जातो. एकही शब्द गाळत नाही. तारेसारखं मोजून वाचतो.

पुस्तक मला आठवतं तसं नाही. बरंचसं विहिरीबद्दल, आंब्याच्या कलमांबद्दल आहे. लिहिणारा सौम्य माणूस दिसतो. मला करडा आठवत होता.

२ सप्टेंबर, मंगळवार

मोटार न्यायला आलेला एक बागायतदार दारात टेकून ऐकत होता. "काय मास्तर, पोरगं शाळंत घातलं काय परत?"

बुद्धघोषनं मान वर केली नाही. ओळ पूर्ण केली. मग म्हणाला, "तुमची मोटार उद्या मिळंल, तात्या."

"आरं पर ती तर तयार दिसतिया."

"उद्या."

६ सप्टेंबर

आज एका ठिकाणी तो हसला. कलम बांधताना लेखक आपलंच बोट बांधून घेतो, तिथं. मला तो उतारा मुळीच आठवत नव्हता. पाच-सहा वेळा वाचलेलं पुस्तक.

१४ सप्टेंबर, रविवार

शंभराच्या पुढं गेलो. वाक्य नाही. एकशे तीस पानं आहेत, तो म्हणाला.

नसलं तर?

तर त्या दिवशी फॉर्म कशाच्या जोरावर भरला? इतकी वर्षं मनाला सांगत आलो – मी नाही, पुस्तकानं केलं. मी नुसता हात होतो. पुस्तक थोर आणि मी त्याला इमानी. पोराचं नुकसान झालं, पण एका मोठ्या गोष्टीपायी झालं.

नसलं तर एका बापानं पोराला पकडलं, बस्स.

संध्याकाळी विहारात मीच रचलेलं वाचतो आणि लोक हात जोडतात.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सापडलं!

तीनच्या सुमाराला. तो वाचत होता, गाळ काढण्याचं काहीतरी. मधेच थांबला. जोडाक्षर नव्हतं. मी म्हणालो, "काय झालं?"

त्यानं पुस्तक उजेडाकडं धरलं. पत्र्यावर पाखरं चालत होती, ती ऐकू येत होती.

मग वाचलं. सावकाश, शब्द सुटा करत. जे आपल्याला येत नाही ते येतं असं दाखवणारा माणूस पहिली चोरी स्वतःच्याच घरात करतो. शब्दाला शब्द. माझ्या डोक्यात आहे तसंच, मात्राही इकडची तिकडं नाही.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"पान कोणतं?"

"एकशे सोळा."

"मागंपुढं काय आहे?"

"विहिरीचंच हाय." पुस्तक मिटलं. "झालं, आप्पा. सापडलं ना?"

पुढची पानं वाचू का, विचारलं नाही. मीही म्हटलं नाही. मी स्टुलावरून उठलो. त्यानं दंडाला धरून रस्ता ओलांडून दिला. २०११ नंतर त्याचा हात पहिल्यांदा लागला.

वाक्य आहे. म्हणजे आता मला सांगावं लागणार.

२० सप्टेंबर

तो दोन दिवस जेवायला माझ्याबरोबर बसला नाही. काम आहे म्हणतो.

६ ऑक्टोबर, सोमवार

आश्विन पौर्णिमा. समारोप. विहार भरलं होतं, बाहेर सतरंज्या टाकल्या होत्या.

ग्रंथ उघडला नाही. उभा राहिलो. म्हणालो, मला जूनपासून वाचता येत नाही. तीन महिने जे ऐकलंत ते मी पाठ म्हटलं. बरंचसं ग्रंथातलं होतं. बरंचसं माझं होतं. कुठलं कुठलं, ते मला सांगता येणार नाही.

मागं एक बाई फिसकन हसली. मग सावळाराम आबा, बसूनच – "मास्तर, आजारी हायसा, त्येचं वाईट वाटतं. पर मग आमी तीन म्हैनं ऐकलं काय?"

मी चष्मा काढून खिशात ठेवला.

"पहिल्या दिवशी सांगितलं आसतं तर गाडीत घालून आणलं आसतं. नुसतं बसवलं आसतं मानानं. आता सांगून काय उपेग? आमी हात जोडलं, ते कशाला जोडलं?"

मग कुणीतरी विजयमालांकडं वळलं. "तुज्याकडं तर पुस्तक हुतं की गं. तुला कळलं न्हाय?"

त्यांनी मान खाली घातली. सगळ्यांना कळलं.

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खरं बोलताना मी पुन्हा दुसऱ्याचंच नाव फॉर्मवर लिहिलं.

पुढच्या वर्षी मोबाइलवरचं वाचन स्पीकरला जोडायचं ठरलं. खीर वाटली. मलाही दिली, वाटी भरून.

७ ऑक्टोबर

विजयमालांकडं गेलो. दाराला कडी नव्हती, आतून आवाज येत होता. कुणी बाहेर आलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही.

कपाटाला हात लावत नाही. इतक्या पुस्तकांतून माझ्याकडं एकच उरलं – त्या वाक्यात लिहिलं होतं म्हणून मी केलं, तेव्हाही आणि आताही. मी माझ्या मनचं काही केलं नाही. याच्यावर उरलेले दिवस काढता येतील. काढावेच लागतील.

१२ ऑक्टोबर, रविवार

आप्पा, हे मी लिहितोय, बुद्धघोष. तुम्हाला वाचता येत नाही म्हणून हितंच लिहितो. वही पहिल्यापासून वाचली. विचारलं नाही.

एकशे सोळा पानावर ते वाक्य आहे, पण छापलेलं नाही. कडेच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं लिहिलंय. अक्षर या वहीतलंच, फक्त तरुणपणचं. छापलंय तिथं विहिरीचा गाळ कसा काढावा ते आहे. राहिलेली पानं मी एकट्यानं वाचली, दोनदा. कुठंच नाही.

चौदा वर्षं मी राग त्या पुस्तकावर धरला, म्हणून तुमच्याबरोबर एका घरात राहू शकलो. आता पुस्तक सुटलं.